पिंपातली वस्ती

मित्रांनो, बागेतल्या छोट्या तळ्याच्या काठावर बसलेला मी एक म्हातारा फिल्टर. नाव भारदस्त असलं तरी जन्माने मी साधं निळं पिंप. ताईंनी माझ्या बुडाशी भोक पाडलं, त्यात नळी बसवली, तळाला खडे घातले आणि वर जाड काळा स्पंज ठेवला. तेव्हापासून तळ्यातला पंप पाणी वर माझ्यात ढकलतो, ते स्पंजातून आणि खड्यांतून झिरपतं आणि नळीतून पुन्हा तळ्यात पडतं.

पाहुण्यांना वाटतं, मी कचरा अडवतो. तेही करतो म्हणा, पण ते वरकड काम. खरं काम करते ती माझ्या स्पंजातली वस्ती. डोळ्यांना न दिसणारे असंख्य जीव तिथे राहतात. बोट लावलंत तर तपकिरी, बुळबुळीत लागेल आणि तुम्ही ‘ई’ म्हणून हात झटकाल. पण मासे खातात पाण्यात आणि घाणही करतात पाण्यातच. त्या घाणीतून अमोनिया नावाचं विष तयार होतं. ते विष दिवसरात्र पचवत असते ती ही बुळबुळीत मंडळी. त्यांची वस्ती वसायला आठवडेच्या आठवडे जातात. उजाड व्हायला मात्र एक दुपार पुरते. हे मी ऐकीव सांगत नाही.

ताई घरातल्या सगळ्यांत मोठ्या. पुढच्या खोलीत त्यांचं शिवणयंत्र. आयुष्यभर पायडल मारून गुडघे कामातून गेले, तेव्हा शस्त्रक्रिया ठरली. घरात त्यांचा भाऊ आणि भावाची बायको. तिला सगळे ‘धाकटी’ म्हणतात. धाकटीचे केस पिकायला आले तरी नाव काही मोठं झालं नाही. स्वयंपाकघर तिचं आणि तळं ताईंचं, अशी न बोलता झालेली वाटणी. धाकटीला स्वच्छतेचं भारी वेड. नवऱ्याने चहाचा कप क्षणभर खाली ठेवला की तो विसळून पालथा घातलाच म्हणून समजा, मग त्यात चहा उरलेला असो वा नसो.

इस्पितळात जायची गाडी फाटकाशी आली, तेव्हा ताई काठी टेकत धाकटीला घेऊन माझ्यापाशी आल्या.

“हे बघ, चिमूटभर खाणं घाल. बाकी कशाला हात लावू नकोस.”

“ताई, मी काय कुक्कुलं बाळ आहे का?”

“नाहीस, तेच तर! कुक्कुलं बाळ ब्रश घेऊन मागे लागत नाही.”

दोघी हसल्या. पण गाडी गेल्यावर धाकटी बराच वेळ काठावर उभी होती. इतक्या वर्षांत ताईंनी पहिल्यांदाच तिच्या हाती तळं सोपवलं होतं.

शस्त्रक्रिया नीट झाली. ताई दोन-तीन आठवड्यांत घरी येणार असं कळलं आणि धाकटीला उत्साहाचं भरतं आलं. आल्या आल्या ताईंना तळ्याचा तळ दिसला पाहिजे! पाणी थोडं चहाच्या रंगाचं झालं होतं खरं, पण माशांची त्याबद्दल तक्रार नव्हती. तिने पंप बंद केला आणि माझं झाकण उचललं.

“शी! हे पाणी गाळतं? ह्यालाच आधी गाळायला हवं!”

स्पंज नळाखाली गेला. ब्रश फिरला. तपकिरी ओघळ मोरीतून वाहून गेले आणि ते कोण होते हे तिला ठाऊक नव्हतं. खडे घासून लख्ख झाले. मग घरातली प्रत्येक गोष्ट जिथे जाते तिथे स्पंजही गेला. दोरीवर! दोन चिमट्यांत अडकून, उशांच्या अभ्र्यांशेजारी तो दुपारभर कडक उन्हात वाळला. नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनमधून जे कोणी वाचले होते, ते उन्हाने संपवले. तोवर तिने तळ्यातलं बरंचसं पाणी उपसून नळाचं ताजं भरलं होतं. मी रिकाम्या पोटाने हे बघत होतो. मला तोंड आहे, पण ते नळीचं. त्यातून पाण्याशिवाय काही बाहेर येत नाही.

संध्याकाळी खडे आणि स्पंज माझ्यात परत आले, पंप सुरू झाला आणि भाऊ म्हणाले, “वा! आरसाच की!”

धाकटीने पदराने हात पुसले. ती इतकी खूश होती की मला तिचा रागसुद्धा करता येईना.

मग एक-दोन दिवसांत विष साचलं आणि मासे वर आले. तळ्यात एक मोठा केशरी-पांढरा मासा आहे, सगळ्यांभोवती सावकाश फिरून देखरेख करतो म्हणून ताई त्याला ‘मुकादम’ म्हणतात. तो माझ्या नळीच्या धारेखाली येऊन आ वासून उभा राहिला. बाकीचेही पाण्याच्या वर तोंडं काढून उघडू-मिटू लागले.

“भूक लागली वाटतं बिचाऱ्यांना,” धाकटी म्हणाली आणि तिने मूठभर खाणं टाकलं. कोणी तोंड लावलं नाही. दाणे तळाशी जाऊन कुजायला लागले आणि विषात आणखी भर पडली. पाणी दुधाळ झालं. ते पाहून तिने मला पुन्हा धुतलं, या वेळी आणखी जोर लावून.

ताईंचा रोज फोन यायचा. “मुकादम काय म्हणतो?”

“मजेत आहे,” धाकटी म्हणायची. तेव्हा तिची नजर तळ्यावर असायची आणि बोटं पदराचं टोक पिळत असायची.

एका सकाळी सगळ्यांत छोटा मासा पोट वर करून तरंगताना दिसला. धाकटीने त्याला ओंजळीत घेतलं आणि तशीच बसून राहिली.

भाऊ म्हणाले, “तसाच दुसरा आणून टाकू. ताईला काय कळतंय!”

“ताईंना? अहो, त्या नुसत्या शेपटीवरून मासा ओळखतात. तुम्हाला दोरीवरचा स्वतःचा शर्ट ओळखता येत नाही, तुम्ही नका सांगू!”

“मग ताईला फोन कर.”

“आणि काय सांगू? एवढी एकच गोष्ट हातात दिली होतीत, तीही मला धड सांभाळता आली नाही, असं?”

तेवढ्यात मुकादम एका कुशीवर कलला. सावरला. पुन्हा कलला. त्याच्या कल्ल्यांची धाप मला काठावरून दिसत होती. धाकटीच्या अजून एका खोट्यापुरतासुद्धा वेळ आता त्याच्याकडे नव्हता. धाकटी माझ्या अंगाला टेकून खाली बसली आणि तिने फोन लावला.

“ताई, मुकादम मजेत नाहीये. कालही नव्हता. मी खोटं बोलले.”

ताईंनी थेट विचारलं.

“फिल्टर धुतलास?”

“हो.”

“तळ्याच्या पाण्यात की नळाखाली?”

“नळाखाली. आणि उन्हात वाळवला.”

“उन्हात!” एवढं बोलून ताई थांबल्या. इथे मला वाटलं, आता कडाडणार. पण त्या भराभर बोलू लागल्या. “रडतेस कशाला? रडायला मागाहून वेळच वेळ आहे. आधी ऐक. खाणं बंद. एक दाणासुद्धा नाही. तळाशी पडलेलं सगळं जाळीने काढ. गच्चीवरच्या टाकीत जुनं, साठलेलं पाणी आहे, त्यातलं क्लोरीन उडून गेलंय, ते बादलीबादलीने घाल, तेवढंच तळ्यातलं काढ. नळी उंच बांध, पाणी वरून फेसाळत पडू दे. आणि रोपवाटिकेवाल्याकडे जा. त्याच्या तळ्यातला मळका स्पंज माग. धुतलेला नको, मळका! ओला राहू दे, वाळला तर फुकट.”

भाऊ गच्चीवर धावले, धाकटी झाकणाची बादली घेऊन रस्त्यावर. रोपवाटिकेवाल्याने तिचं ऐकून घेतलं आणि मान खाजवली.

“वहिनी, माझ्या तळ्यावरून जाताना नाकाला पदर लावता. आज घाणच मागायला आलात?”

“हो. तुमच्याकडची सगळ्यांत घाण घाण द्या. आणि पटकन द्या हो.”

तिचं तोंड पाहून तो पुढची थट्टा विसरला. त्याने आपल्या फिल्टरमधला निम्मा स्पंज कापून, तळ्याच्याच पाण्यात बुडवून दिला.

मित्रांनो, धाकटीने तो चिकट, काळपट, ठिबकणारा गोळा उघड्या हातांनी उचलला आणि इतक्या जपून माझ्यात ठेवला की तसं तान्ह्या पोरालाही कोणी ठेवत नसेल. हात तिने धुतले ते बऱ्याच वेळाने. माझ्यात पुन्हा कोणीतरी राहायला आलं होतं. पण ते थोडे आणि विष फार. त्या दिवशी आणि पुढचे कित्येक दिवस बादल्या वर-खाली होत राहिल्या. आणखी एक मासा गेला. मुकादम धारेखाली तिरका उभा होता आणि धाकटी त्याच्यासमोर. जेवायला बोलावलं तरी ती उठत नव्हती.

मग एका दुपारी तो धारेखालून निघाला. सरळ पोहत समोरच्या काठापर्यंत गेला, वळला आणि उरलेल्यांभोवती एक सावकाश फेरी मारून आला. धाकटीने माझ्या झाकणावर थाप मारली.

ताई आल्या त्या दोन काठ्यांवर. पाणी काही आरशासारखं नव्हतं. त्यांनी नजरेनेच मासे मोजले. कोण नाही ते त्यांना कळलं. त्यांचा चेहरा उतरला आणि त्यांनी तो लपवला नाही. धाकटी खाली मान घालून उभी.

“मला आता वाकता यायचं नाही,” ताई म्हणाल्या. “यापुढे तळं तूच बघ.”

“मी? इतकं होऊनही माझ्यावर सोडता?”

“म्हणूनच सोडते. आता या घरात तळ्याला तुझ्याइतकं घाबरून असणारं दुसरं कोण आहे? बस खाली. तळ्याचं पाणी घे बादलीत. स्पंज त्यात दोनदा बुडव आणि हलक्या हाताने दाब. पिळू नकोस. झालं.”

“एवढंच? अजून मळका दिसतोय की हो.”

“दिसू दे.”

धाकटीने एक उसासा टाकला आणि तो मळका स्पंज तसाच माझ्यात ठेवून झाकण लावलं.

तर मित्रांनो, तुमच्याकडे मासे असतील तर त्यांच्या पाण्याचा थोडा थोडा भागच बदला, खाणं त्यांच्या भुकेएवढंच घाला, आणि फिल्टर धुवायचाच झाला तर त्यांच्याच पाण्यात धुवा. आणि चुकून काही बिघडलंच, तर ‘मजेत आहे’ म्हणू नका. ज्याला कळतं त्याला लगेच सांगा. तुमची लाज निवांत थांबेल, पण पाण्याखाली धापा टाकणाऱ्याला थांबता येत नाही.