रिकामा चौकोन

डॉक्टरबाईंनी आठ वर्षं हॉस्पिटलचा ड्युटीचा तक्ता केला. हे काम त्यांना कुणी रीतसर दिलं नव्हतं. आधी तक्ता करणारे डॉक्टर बदलून गेले, कुणीतरी तो करायला हवा होता आणि बाईंचं अक्षर चांगलं होतं. चांगल्या अक्षराची शिक्षा माणसाला अशी मिळते.

तक्ता साधा होता. महिन्याचे दिवस उभे; सकाळ, दुपार, रात्र आडवे; प्रत्येक चौकोनात कॅज्युअल्टी, म्हणजे तातडीचा विभाग, सांभाळणाऱ्या डॉक्टरचं नाव. पण एक नियम कुठेही लिहिलेला नसला तरी सगळ्यांना पाठ होता. जो चौकोन रिकामा, तो बाईंचा. कुणाची पाठ धरली, कुणाच्या घरी पाहुणे आले, कुणाला नुसताच कंटाळा आला, की बाई त्या चौकोनातलं नाव खोडरबरानं पुसायच्या आणि जागा तशीच ठेवायच्या. सुरुवातीला तिथे स्वतःचं नाव लिहायच्या. मग तेवढेही कष्ट घेणं बंद झालं.

वर्षातून एक दिवस असा यायचा, की त्या दिवसाचे तिन्ही चौकोन रिकामे. तो पदव्युत्तर प्रवेश परीक्षेचा दिवस. डॉक्टर तर झालो, आता कशाचेतरी तज्ज्ञ व्हायचं, म्हणून हॉस्पिटलमधली सगळी तरुण मंडळी त्या परीक्षेला बसायची. एकोणीस विषय, एक पेपर, साडेतीन तास. सगळी एकदमच बसायची, म्हणून कॅज्युअल्टी त्या दिवशी सकाळपासून दुसऱ्या सकाळपर्यंत एकट्या बाई ओढायच्या. जाताना पोरं म्हणायची, "मॅडम, तुम्ही आहात म्हणून आम्ही जाऊ शकतो." हे वाक्य बाईंना पहिली तीन वर्षं गोड वाटलं.

मग एका सकाळी सात महिन्यांचं एक बाळ आलं. धाप लागलेली, ओठ निळसर. बाईंनी जे करायचं ते सगळं केलं, न चुकता केलं, आणि पुढच्या उपचारासाठी मोठ्या हॉस्पिटलातल्या बालरोगतज्ज्ञाला फोन लावला. आवाज ओळखीचा निघाला. चार वर्षांपूर्वी इथेच होता तो. त्याच्या परीक्षेच्या दिवशी बाई इथे चोवीस तास उभ्या होत्या. बाई बाळाची हकीकत सांगायला लागल्या, तर पलीकडून आवाज आला, "मॅडम, तुम्ही फक्त पाठवून द्या. उगीच डोकं लावू नका."

बाईंनी बाळ पाठवून दिलं. चिठ्ठीवर सुवाच्य अक्षरात 'पुढील उपचारासाठी' असं लिहिलं. पेनचं टोपण लावलं. त्यांना इतका राग आला होता, की टोपण तीन वेळा लावलं तरी बसेना.

त्या संध्याकाळी घरी त्यांनी जेवणाच्या टेबलावर कागद पसरला आणि उभ्या-आडव्या रेघा मारायला घेतल्या. नवऱ्यानं विचारलं, "घरी पण तक्ता?"

"माझा आहे. अठरा महिन्यांचा. मी परीक्षेला बसतेय. मला लहान मुलांची डॉक्टर व्हायचंय."

नवरा भला माणूस होता. म्हणजे त्यानं कधी कशाला नाही म्हटलं नव्हतं आणि कधी काही उचलूनही ठेवलं नव्हतं. तो म्हणाला, "अगं, पण या वयात?"

"हेच वय आहे माझ्याकडे. दुसरं कुठून आणू?"

सासूबाई आतून म्हणाल्या, "एकोणचाळीस आहे तिचं वय. मला विचारा, मला पाठ आहे." ही बाजू घेतली की टोमणा मारला, हे बाईंना बारा वर्षांत कधी नीट कळलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बाईंनी तो कागद मोठ्या सिस्टरना दाखवला. मोठ्या सिस्टर म्हणजे हॉस्पिटलच्या मुख्य नर्स. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेल्या, आणि त्या दोन वर्षांत कुणाचं ऐकून घ्यायचं नाही असं ठरवून बसलेल्या. त्यांनी चष्मा नाकावर सरकवला. पहिले दहा महिने वाचन. औषधशास्त्र, शस्त्रक्रिया असे अवाढव्य विषय आधी, डोळे-कान-घसा असे आटोपशीर नंतर. पुढचे पाच महिने उजळणी. शेवटचे तीन महिने रोज दोनशे प्रश्न आणि चुकांची वही. एकही चौकोन मोकळा नव्हता.

सिस्टर हसत सुटल्या. "डॉक्टर, साडेसहा वर्षं दुसऱ्यांचे तक्ते करताय. कुणी आजारी पडणार, कुणी दांडी मारणार, हे धरून करता ना? मग यात तुम्ही लोखंडाच्या आहात का? साप्ताहिक सुट्टी कुठाय?"

बाईंनी कागद पाहिला आणि त्यांचं त्यांनाच हसू आलं. खरंच, साऱ्या जगाला रजा देणाऱ्या बाईला स्वतःला एक रविवार सुचला नव्हता. त्यांनी पुन्हा रेघा मारल्या. आठवड्यातून एक दिवस राखीव, दर तीन महिन्यांनी एक आठवडा राखीव. मागे पडलेलं तिथे भरून काढायचं, आणि काही मागे पडलं नसेल तर झोपायचं.

"आणि बसणार कुठे?" सिस्टरनी विचारलं. "घरी तर तुम्हाला कुणी पान उलटू द्यायचं नाही."

खिशातून त्यांनी किल्ली काढली. चादरींच्या खोलीची. सकाळची ड्युटी दोनला संपायची. अडीच ते साडेपाच त्या खोलीत कुणी फिरकत नसे. अठरा महिने बाई तिथे धुतलेल्या चादरींच्या गठ्ठ्यांमध्ये, इस्त्रीच्या टेबलावर पुस्तक ठेवून बसल्या. कपड्यांना जंतुनाशकाचा वास यायचा. घरी सासूबाई नाक मुरडायच्या आणि म्हणायच्या, "आली बघा विद्यार्थिनी."

घरीही एक तक्ता लागला, फ्रिजवर. भाजी कुणी आणायची, कपडे कुणी वाळत घालायचे, सासूबाईंच्या डोळ्यांत थेंब कुणी घालायचे. प्रत्येक चौकोनात नाव. पहिला आठवडा नवऱ्याच्या नाकी नऊ आले. सासूबाईंनी स्वतःचं नाव तीन ठिकाणी वाचून थयथयाट केला. आणि मग काय झालं कोण जाणे, त्याच त्या तक्त्याच्या पहारेकरी झाल्या. नणंद अचानक मुक्कामाला आली आणि "वहिनी कुठाय, चहा तरी कर म्हणावं" म्हणाली, तर सासूबाईंनी तिला फ्रिजपुढे नेऊन उभं केलं. "वाच. आज चहा तुझ्या भावाकडे आहे."

अभ्यास सोपा गेला असं कुणी समजू नये. पहिल्या चाचणीत दोनशेपैकी एकाहत्तर बरोबर आले. चौदा वर्षांपूर्वी पाठ केलेलं सगळं बदललं होतं. औषधं बदलली होती, आजारांची नावंसुद्धा बदलली होती. चुकांची एक वही भरली, दुसरी भरली. चौथी निम्मी झाली तेव्हा आकडा एकशे बेचाळीसवर पोचला. बाईंना कळून चुकलं, आता हे होऊ शकतं. आणि तेव्हाच ध्यानात आलं, की साऱ्या आखणीत एकच कच्चा दुवा होता. परीक्षेचा दिवस.

परीक्षेला दोन महिने होते तेव्हा बाई रजेचा अर्ज घेऊन मोठ्या साहेबांकडे गेल्या. मोठे साहेब म्हणजे हॉस्पिटलचे अधीक्षक. एके काळी बरे शल्यविशारद होते म्हणे; आता सह्या करायचे. त्यांनी अर्ज वाचला आणि प्रेमळ चेहरा केला.

"मॅडम, त्या दिवशी तुम्हीच नसलात तर कॅज्युअल्टी कोण बघणार? पोरांचं करिअर आहे."

"माझंही आहे, साहेब."

"पुढच्या वर्षी बघू ना. परीक्षा काय, दर वर्षी असते."

"दिवसभरासाठी बाहेरून कुणाला तरी बोलवा."

"हे बघा," साहेबांचा प्रेमळपणा आटोपला, "तक्ता तुमचं खातं. माझ्यापर्यंत आणायचं नाही. नाव कुणाचंही घाला, चौकोन रिकामा राहता कामा नये, बस्स."

बाई दारापर्यंत गेल्या, थांबल्या. "कुणाचंही?"

"कुणाचंही!" साहेब म्हणाले आणि फोन उचलला.

त्यानंतर बाईंनी खरंच सगळ्यांना विचारलं. दुपारची आणि रात्रीची पाळी परीक्षा देऊन परतणाऱ्या दोघांनी घेतली. आठ वर्षांची उधारी बाईंनी पहिल्यांदाच तोंडावर मागितली, तेव्हा त्या दोघांना मान वर करता येईना. राहिली सकाळ. सकाळी अख्ख्या हॉस्पिटलात पदवी असलेला, परीक्षेला न बसणारा एकच माणूस उरत होता. बाईंनी लाल पेन घेतलं आणि त्या चौकोनात आपल्या सर्वांत सुंदर अक्षरात त्याचं नाव लिहिलं.

तक्ता घेऊन त्या साहेबांपुढे उभ्या राहिल्या. "वाचून सही करा, साहेब."

"आठ वर्षांत कधी वाचलाय मी?" साहेब हसले आणि खाली सही ठोकली.

तक्ता फलकावर लागला. वॉर्डबॉयपासून औषधवाल्यापर्यंत सगळ्यांनी तो वाचला, काहींनी दोन-दोनदा येऊन वाचला, आणि तीन आठवडे कुणी साहेबांजवळ चकार शब्द काढला नाही. शेवटी परीक्षेला चार दिवस असताना साहेब फलकापुढून जाता जाता थबकले. लाल अक्षर लांबूनही दिसतं.

बाईंना बोलावणं आलं.

"ही काय चेष्टा आहे? नाव काढा माझं!"

"सही झालेला तक्ता बदलता येत नाही, साहेब. तुमचाच नियम आहे; आजवर मी खोडरबरानं तो मोडत आले, आता नाही. बदली डॉक्टर शोधायचा, त्याची सही आणायची. फॉर्म मोठ्या सिस्टरांकडे मिळतो."

साहेबांनी दोन दिवस फोन फिरवले. कुणाची परीक्षा होती, कुणी गावाला निघालं होतं, कुणाची नेमकी पाठ धरली होती. बाईंना आठ वर्षं जी उत्तरं ऐकायला मिळाली, ती सगळी साहेबांना दोन दिवसांत ऐकावी लागली. तिसऱ्या दिवशी त्यांनी बाईंना परत बोलावलं. आता आवाज चढलेला होता.

"पंधरा वर्षं कॅज्युअल्टीत पाऊल ठेवलं नाही मी. मी तुमचं नाव घालतो तिथे. बघू काय करता!"

"घाला," बाई म्हणाल्या. "मी येणार नाही. हे आज लेखी देते. मग तो चौकोन खरोखर रिकामा राहील, आणि खाली सही तुमची आहे."

बाईंनी पिशवीतून एक वही काढून त्यांच्या टेबलावर ठेवली. "सगळं लिहून ठेवलंय. कुठल्या खणात काय आहे, कुणाला काय द्यायचं. मोठ्या सिस्टर दिवसभर तुमच्याबरोबर असतील. वाचून घ्या, साहेब. हे तरी वाचा."

परीक्षेच्या सकाळी केंद्राच्या फाटकाशी पहारेकऱ्यानं बाईंना हात आडवा केला. "पालकांनी बाहेर थांबायचं."

बाईंनी प्रवेशपत्र दाखवलं. त्यानं फोटो पाहिला, बाईंकडे पाहिलं, परत फोटो पाहिला. रांगेतली हॉस्पिटलची पोरं वळून बघायला लागली. एक जण म्हणाला, "मॅडम, तुम्ही खरंच आलात? मग तिकडे कोण आहे?"

"तक्ता वाचला नाहीस का? साहेब."

"आम्हाला वाटलं, आयत्या वेळी तुम्हीच जाल," तो म्हणाला. तो चांगला मुलगा होता, म्हणूनच बाईंना ते लागलं. पोरांनीसुद्धा तक्ता वाचला होता. विश्वास मात्र कुणी ठेवला नव्हता.

तेवढ्यात बाईंचा फोन वाजला. साहेब.

"मॅडम, एक लहान बाळ आलंय. धाप लागलीय. मी… तुम्ही इथे असतात तर…"

बाईंनी डोळे मिटले. पलीकडून बाळाचं रडणं ऐकू येत होतं, चांगलं सणसणीत.

"रडतंय म्हणजे श्वास आत जातोय. त्याला आडवं करू नका, आईच्या मांडीवर बसू दे. आधी ऑक्सिजनचा मास्क. वाफेचं यंत्र डावीकडच्या दुसऱ्या खणात, औषध किती ते वजनाप्रमाणे भिंतीवर लिहिलंय. वीस मिनिटांनी छाती परत ऐका. ओठ निळे दिसले तर मात्र थांबू नका, लगेच पुढे पाठवा."

मागून मोठ्या सिस्टरांचा आवाज आला, "मास्क लावलाय, डॉक्टर! ओठ गुलाबी आहेत! तुम्ही आत जा बरं!"

साहेबांनी मोठा श्वास सोडला. "तरी पण दहा मिनिटं येऊन जा ना, मॅडम. तुमच्या हाताला सवय आहे. परीक्षा काय, पुढच्या वर्षीही आहे."

आठ वर्षांत 'येता का?' असं बाईंना कुणी कधी थेट विचारलं नव्हतं. दर वेळी कुणी विचारायच्या आतच बाईंनी खोडरबर उचललं होतं.

"नाही, साहेब," बाई म्हणाल्या. "आज तुमची ड्युटी आहे."

त्यांनी फोन बंद केला आणि पहारेकऱ्याच्या पेटीत टाकला. त्यानं फोनला लावायच्या चिठ्ठीवर नाव लिहायला सांगितलं. बाईंनी ते लिहिलं, नेहमीच्या चांगल्या अक्षरात, आणि आत गेल्या.