मेल तेवढी उघडली नाही

अक्षरं लिहिलेल्या पुठ्ठ्यावरचं ‘एम’ बोटाच्या घामानं पुसट झालं होतं, आणि त्यावर बोट टेकवून ती नवऱ्याच्या डोळ्यांकडे पाहत होती — पापणी एकदा लवली तर हो, नाहीतर पुढचं अक्षर. पक्षाघाताचा झटका आल्यापासून हातपाय गेले, वाचा गेली, उरली पापणी. लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस. “पासवर्ड डोक्यात ठेवावेत, डोकं कोण चोरतंय?” म्हणायचा. वीज, गॅस, विमा, फोन... सगळं घर त्या डोक्यात, आणि दर ठिकाणी वेगळा पासवर्ड.

एकेक अक्षर पापणीनं उचलून त्यानं ते दिले होते. गॅसच्या पासवर्डात मेलेल्या कुत्र्याचं नाव निघालं. विम्याच्यात त्याच्या आईचं माहेर. फोन कंपनीचा निघाला ‘साहेबगाढव’ — लेक पोट धरून हसली, त्याच्याही डाव्या गालात काहीतरी हललं. ती मात्र दर वेळी वाट पाहत राहिली, आता माझं येईल, आता माझं... आलं नाही. “बायकोचं नाव कुणी ठेवतं का गं, चोर पहिलं तेच घालून बघतो,” लेक म्हणाली. असेल. पण कुत्र्याचं चालतं.

आज राहिली होती फक्त मेल.

“अरे, डॉक्टरांना पहिला स्कॅन बघायचाय उद्या. तुझ्या मेलवर आलाय. सांग बघू.” भरवताना, पुसताना, कूस बदलताना ‘अहो’चं ‘अरे’ कधी झालं, तिला कळलंही नव्हतं.

त्यानं डोळे मिटले. मिटूनच घेतले. झोप नव्हती ती, पापण्यांखाली बुबुळं फिरत होती. तिनं खांदा हलवला, गालावर थोपटलं, थोडं जोरातच. डोळे उघडले नाहीत.

“आई, राहू दे,” लेक स्पीकरवरून म्हणाली. “बदलूनच टाकू पासवर्ड. बाबांच्या फोनवर आकडा येईल, तेवढा वाच.”

त्याचा फोन तिच्याच हातात थरथरला. आकडा आला.

“आला का?”

“नाही अजून.”

खोटं का बोलले मी? काय असेल आत — कुणी बाई? इतकी वर्षं गिळलेलं काही? की त्या एका पासवर्डात माझंच नाव, आणि मला ते कळू द्यायचं नाही? आकडा वाचला की संपलं. कुठं खाजवायचं ते मी याला विचारते, नखं मी कापते, शौच मी काढते... आणि आजारी पडल्यापासून आज पहिल्यांदा तो मला नाही म्हणाला.

“आई, तो आकडा बाद होतो थोड्या वेळानं.”

“होऊ दे. पुन्हा मागवता येईल.”

“आणि डॉक्टर?”

“बघू,” म्हणून तिनं फोन ठेवला.

त्याचं अंग पुसताना सांडलेल्या पाण्यानं तिचे कपडे चिंब झाले होते. रोजच्यासारखंच, पलंगाशी उभ्या उभ्या, समोर नुसतं कपाट असावं तसे ते बदलायला तिचे हात वर गेले. त्यानं डोळे उघडले होते. तो बघत होता.

हात तसेच थांबले. कोरडे कपडे छातीशी धरून ती भिंतीकडे सरकली... कितीतरी महिन्यांनी खोलीत कुणी पुरुष आहे असं तिला वाटलं, आणि तो कोण, हे तिला नीटसं सांगता आलं नसतं.