पद्माबाईला काढलं कोणी?

"तू लिव फक्त," ज्ञानबा म्हणाला. "कंपनीला लिव, पद्माबाईला परत घ्या. न्हाईतर काहून काढली ते तरी सांगा म्हनावं."

शिवहार एका फोनवर काच चिकटवत होता. त्याने मान वर केली. जवळा बाजार या गावात त्याचं मोबाईलचं दुकान होतं. बाजारचा दिवस होता, म्हणून दुकानापुढच्या बाकावर एसटीचे कंडक्टर शेषराव आणि बकऱ्यांचा व्यापारी रामसिंग चहा पीत बसले होते.

"कोन पद्माबाई, काका?"

"कोन म्हंजे? पेशीतली."

'पेशी', म्हणजे सुनावणी, हा मोबाईलवरचा कोर्टाचा खेळ. एक तरुण वकील असतो आणि खोट्या आरोपात सापडलेल्या माणसाला सोडवतो. साक्षीदार काय बोलतात ते हिंदीत खाली लिहून येतं. बोलण्यात खोट सापडली की लाल बटण दाबायचं, मग वकील टेबलावर हात आपटून ओरडतो, हरकत! असे पाच भाग निघाले होते. शिवहारने तो खेळ अर्ध्या बाजाराच्या फोनमध्ये टाकून दिला होता. ज्ञानबाच्याही.

"पेशीत पद्माबाई न्हाई काका," शिवहार म्हणाला. "समदी दिल्लीकडची नावं हायेत त्यात. बक्षी, सक्सेना, चोप्रा. पद्माबाई कुठून आली मधीच?"

"काहून? दिल्लीत दाराशी उभी ऱ्हानारी बाई लागत न्हाई का?"

"भाग कोनता म्हनता तुमी?" शेषरावांनी विचारलं. "मी पैला चार डाव खेळलोय. पैला तो पैलाच. बिचाऱ्या कंडक्टरवर आळ येतो अन् तिकिटाच्या खुनेवरून सुटतो. डोळ्यात पानी येतं राव."

"तुमाला कंडक्टरच दिसनार," रामसिंग हसला. "आपल्याला तर बक्षी आवडतो. सरकारी वकील हाये, खोटा हाये, पन तोरा बघा त्याचा. हारला तरी चष्मा पुसूनच जातो. बोकड इकावा तर असा, नुकसानीत बी तोंड पाडायचं न्हाई."

"म्हनून दुसराच भाग भारी," शिवहार म्हणाला. "बक्षी दुसऱ्यात खरा रंगतो. चौथा ठीक. तिसरा मात्र एकदम फालतू. घाईत काढला त्यांनी."

ज्ञानबाच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"फालतू? तिसरा फालतू? आरं, तिसऱ्याएवढा भाग झाला न्हाई अन् व्हनार न्हाई. त्या सैपाकिनीवर आळ येतो, गुत्तेदाराला चहातून इख दिलं म्हनून. मोठमोठे लोक खोटं बोलून जातेत. तुहा बक्षी छाती काढून हिंडतो. अन् मंग पद्माबाई फुडं येती. कोर्टाची शिपाईन. हातात पान्याचा गिलास. म्हनती, गुत्तेदारानं त्या चहाला हातच लावला न्हाई, भरला कप मी सोता उचललाय. जज्ज इचारतो, बाई, एवढे दिस काहून बोलली न्हाईस? तर ती म्हनती, साहेब, मी दारात उभी हाये. दाराला कुनी इचारतं का, कोन आलं अन् कोन गेलं?"

बोलता बोलता त्याचा आवाज चढला होता. शेजारच्या चपलांच्या दुकानातला माणूस बाहेर येऊन उभा राहिला.

शिवहारने हातातला फोन खाली ठेवला. मग म्हणाला, "काका, असं काही न्हाई त्यात. तिसऱ्यात कपाचा फोटो सापडतो, बक्षीला घाम फुटतो, खलास. दारात एक बाई चितारलेली हाये खरी, हातात गिलास घेतलेली. पन ती तोंड उघडत न्हाई."

"चष्मा बदला काका," रामसिंग म्हणाला.

"मी डोळ्यानं वाचलंच न्हाई तर चष्मा कशाला बदलू?" ज्ञानबा ओरडला. "लहानपनापासून मेंढरामागं हिंडलो, मला कुठं वाचता येतं? कानानं ऐकलंय मी. बराबर ऐकलंय. सहा वर्सं."

"कुनी वाचून दाखवलं?"

"प्रभूच्या मायनं."

बाकावरचं हसणं तिथंच थांबलं. प्रभूची माय, म्हणजे ज्ञानबाची बायको मिना, संक्रांतीच्या आधी गेली होती. रामसिंगने पेल्यात पाहिलं. शेषराव उगाच पिशवीचा बंद ओढू लागले.

"काकू लई हुशार व्हत्या," शिवहार हळू आवाजात म्हणाला.

ते हळू बोलणंच ज्ञानबाला जास्त झोंबलं. हुशार होत्या म्हणजे काय? खोटं बोलत होत्या म्हणजे? त्याने खांद्यावरचं घोंगडं सारखं केलं आणि निघाला. शिवहार मागून "चहा तरी घ्या" म्हणाला, तिकडे त्याने वळूनही पाहिलं नाही.

रस्ताभर तो धुमसत राहिला. फालतू म्हणे. ह्यांनी तो खेळ ऐकलाय कुठं? दुपारी मेंढरं बाभळीखाली बसून रवंथ करायची, तेव्हा मिना पदराखालून फोन काढायची. ती सहावीपर्यंत शिकलेली. हिंदीतलं वाचायची आणि आपल्या बोलीत सांगायची. लाल बटण दाबायचं काम मात्र ज्ञानबाचं. बटण दाबताना तोही वकिलाबरोबर ओरडायचा, "हरकत!" आणि सगळी मेंढरं एकदम माना वर करायची. मिनाला हसू आवरायचं नाही. आणि पद्माबाई तर काय बोलायची! वकील धावत कोर्टात शिरला की म्हणायची, "आदी शर्टाच्या गुंड्या बराबर लावा, मंग न्याय करा." जज्ज चिडला की म्हणायची, "पानी प्या साहेब, फाशी काय पळून चालली का?"

पाचवा भाग त्यांनी नांदेडच्या दवाखान्यात सुरू केला. मिना उताणी पडून फोन तोंडासमोर धरायची. ज्ञानबा खाली स्टुलावर बसलेला, त्याला फक्त फोनची पाठ दिसायची. एके दिवशी वाचता वाचता ती म्हणाली, "आवं, पद्माबाई रिटायर झाली."

"आं? काहून?"

"वय झालं तिचं. नव्या पोरीला सांगून राहिली बघा. दाराची कडी सैल झालीय, म्हनती. वर उचल, मंग ओढ. साहेबाला म्हाईत न्हाई, तो नुसता ओढत बसंल."

ज्ञानबा जो तापला! "अशी कशी काढतेत? जन्मभर उभी राहिली ती बाई. ना हार, ना नारळ. ही काय रीत झाली? मी लिवतो कंपनीला."

"जाऊ द्या की आता."

"जाऊ द्या काय? लिवतोच मी."

"बरं, लिवा," मिना हसली होती. त्यानंतर ती फार दिवस राहिली नाही. खेळ तसाच अर्धा राहिला आणि ज्ञानबाचं कंपनीला लिहायचंही राहिलं. तेच करायला तो आज शिवहारकडे गेला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने सुनेला समोर बसवलं. मोहिनी हट्टा गावची, बारावी शिकलेली. त्याने तिला आदल्या दिवशीचं सगळं भांडण सांगितलं, कप, गिलास, दाराचं उत्तर, सगळं. मग फोन तिच्या हातात दिला.

"तिसरा भाग लाव. शेवटची पेशी. अन् वाच. त्या शिवहारच्या तोंडावर मारायचंय मला."

मोहिनी वाचत गेली. स्वयंपाकीण रडली, गुत्तेदाराचा भाऊ खोटं बोलला, बक्षीने चष्मा पुसला. मग कोर्टाचं दार दिसलं. दारात हिरव्या लुगड्यातली बाई, हातात गिलास. ज्ञानबा पुढे सरकला.

"हां. आता बोलती बघ ती."

मोहिनीने बोट फिरवलं. पुन्हा फिरवलं. सासऱ्याकडे पाहिलं.

"काय म्हनती?"

"म्हनती..." मोहिनीने नजर फोनवरच ठेवली. "म्हनती, भरला कप मी सोता उचललाय. अन् जज्ज इचारून राहिला, काहून बोलली न्हाईस. तर म्हनती, दाराला कुनी इचारतं का..."

"थांब," ज्ञानबा म्हणाला. "माझंच मला वाचून दाखवून राहिली का तू?"

मोहिनीने मान खाली घातली. "मामा, इथं तिचं काहीच लिवलं न्हाई. कपाचा फोटो सापडतो. ती नुसती उभी हाये."

ज्ञानबाने फोन हातात घेऊन पाहिला. बाई उभी होती. तोंड मिटलेलं. त्याने बोटाने तिच्यावर टकटक केलं, तशी ती हललीही नाही.

"मंग काढलं असंल. तिचं बोलनं कंपनीनं मागून काढून टाकलं असंल. पाचव्यातून सगळीच काढली की तिला. पाचवा लाव."

मोहिनीने पाचवा लावला. तोच न्यायाधीश, नवा रंग दिलेल्या भिंती. आणि दारात हिरव्या लुगड्यातली तीच बाई, हातात गिलास.

ज्ञानबा बघतच राहिला. "ही तर हाये."

"व्हय मामा."

"पन ही तर रिटायर झाली. जाताना बोलली बी."

तेवढ्यात एक शेळी अर्धवट उघड्या फाटकातून आत आली आणि वाळत घातलेल्या तुरीत तोंड घालू लागली. मोहिनी उठली, तिने शेळी हाकलली आणि अंगणाचं पत्र्याचं फाटक ओढलं. कडी लागेना. तिने पुन्हा जोर लावला. ती या घरात आल्यापासून फाटक सासूच लावायची; सासू गेल्यापासून ते नुसतं लोटलेलं असायचं.

"वर उचल, मंग ओढ," ज्ञानबा बसल्या जागेवरून म्हणाला.



मोहिनीने कडी वर उचलली आणि ओढली. कडी बसली. मोहिनी परत आली तेव्हा सासरा फोनकडे पाहत नव्हता, फाटकाकडे पाहत होता.

"सहा वर्सं," तो म्हणाला. "सहा वर्सं ह्या बयानं मला येडं बनवलं. मी इकडं कंपनीला शिव्या देऊन राहिलो. लोकायशी भांडून राहिलो. बाजारात इज्जत घालवली माझी." त्याने हात गुडघ्यावर आपटला. "आन् जायचं ते सरळ सांगायचं की! मी चाल्ले म्हनायचं. मी काय बहिरा हाये? माझ्याशी बोलायला हिला कोर्ट कशाला पायजे व्हतं?"

 मोहिनीने पाण्याचा तांब्या आणून त्याच्याजवळ ठेवला. ज्ञानबाने त्या तांब्याकडे पाहिलं आणि तो आणखीच चिडला.

"ठिव तिथं. मी घेतो माझं मी."

पुढच्या बाजारी तो शिवहारच्या दुकानासमोरून सरळ जाणार होता. पण शिवहारनेच हाक मारली.

"काका, या. लिवलंय बघा कंपनीला. पद्माबाईला परत घ्या म्हनून. पाठवू का?" त्याने फोन पुढे केला. चेहरा अगदी अपराध्यासारखा.

"ऱ्हाऊ दे," ज्ञानबा म्हणाला. "कंपनीचा दोष न्हाई. तिला कंपनीनं काढलं न्हाई."

"मंग कुनी काढलं?"

"तिची ती गेली."

बाकावरच्या रामसिंगला राहवलं नाही. "म्हंजे शिवहारचं खरं निघालं म्हना. तिसरा भाग फालतूच."

"तुमच्याकडला फालतूच हाये," ज्ञानबा म्हणाला. आवाज पुन्हा चढला, पण या वेळी त्याला तो खाली आणावासा वाटला नाही. "फालतू न्हाई तर काय? निस्ता फोटो अन् घाम. दारात एवढी बाई उभी केली अन् तिला एक शब्द बोलू देत न्हाईत, ह्याला काय कोर्ट म्हनायचं? तुमच्याकडला अपुरा हाये. पैला अपुरा, दुसरा अपुरा, समदे अपुरे. तुमी अपुरंच खेळून राहिले आन् वर मला शिकवून राहिले."

"मंग पुरा कुठं भेटतो काका?" शेषरावांनी विचारलं. ते चेष्टा करत नव्हते.

ज्ञानबाने त्यांच्याकडे पाहिलं. "आता न्हाई भेटत," तो म्हणाला आणि मेंढरांसाठी मीठ घ्यायला गेला.

त्याच दिवशी उन्हं कलताना तो मेंढरं घेऊन घराकडे वळला. लांबूनच त्याला दिसलं, त्याचा मुलगा प्रभू फाटकाशी वाकला आहे. हातात हातोडी, पायाशी पाना आणि कागदात गुंडाळलेली नवी चकचकीत कडी. जुन्या कडीचा एक खिळा त्याने उपसलाही होता. मोहिनी त्याला काहीतरी सांगत होती, पण तो ऐकत नव्हता.

ज्ञानबा रस्त्याच्या मधोमध थांबला आणि पोटातून ओरडला.

"हरकत!"

सगळ्या मेंढरांनी एकदम माना वर केल्या. प्रभूच्या हातातली हातोडी हातातच राहिली.

ज्ञानबा कळपातून वाट काढत फाटकाशी आला. त्याने खिळा उचलला आणि दगडाने पुन्हा त्याच भोकात ठोकला. मेंढरं आत घेतली. मग फाटक लोटलं, कडी वर उचलली आणि ओढली.