क्रिस्पुलोच्या नावावर

"क्रिस्पुलो मानालांग!"

दुभाष्याने तिसऱ्यांदा नाव पुकारले, तेव्हा कुठे तारेच्या कुंपणापलीकडून एक माणूस काठी टेकत पुढे आला.

बासिलिया टाचा उंचावून पाहत होती. हातात पेजेचे भांडे, काखेत नवऱ्याचा धुतलेला सदरा. माणूस जवळ आला. तो क्रिस्पुलो नव्हता.

फिलिपिन्समधल्या बतानमध्ये अमेरिकन आणि फिलिपिनो फौजेने जपान्यांपुढे शस्त्रे टाकली त्याला पाच महिने होत आले होते. शरण आलेल्यांना जपान्यांनी भर उन्हात चालवत नेले. जे वाटेत पडले नाहीत ते कापासच्या या छावणीत तापाने आणि हगवणीने मरत होते. आता आजाऱ्यांना सोडणे सुरू झाले होते. अट एवढीच, की घरचे माणूस न्यायला यावे आणि गावच्या मेयरने जामीन म्हणून सही करावी. सुटलेला पुढे डोंगरातल्या बंडखोरांना मिळाला, तर मान मेयरची.

जपानी सार्जंट काहीतरी गुरकावला. "हा तुझा नवरा?" दुभाष्याने विचारले.

नाव पुकारले गेले आणि क्रिस्पुलो आला नाही. म्हणजे तो आता येणार नव्हता. बासिलियाला ही बातमी अशी, उभ्या उभ्या, कुणीही न सांगता कळली. तिच्या मागे मेयर ओनोरियो उभे होते. पंधरा वर्षे ते क्रिस्पुलोच्याच टांग्यातून हिंडले होते. ती 'नाही' म्हणाली असती, तर हा माणूस त्याच फाटकात मेला असता. 'हो' म्हणाली, तर तिघांचे जीव एका खोट्यावर टांगले जाणार होते. माणसाने एकदा तिच्याकडे पाहिले आणि मान खाली घातली.

"अगं बाई, तुला विचारतोय मी. नवरा ना हा तुझा?"

"नाहीतर कुणाचा?" बासिलिया उसळली. ती सुईण होती. बाळंतिणीच्या घरात घाबरलेल्या नातेवाइकांवर ती याच आवाजात ओरडायची. "काय दशा करून घेतलीय ही! सांगितलं होतं ना, न उकळलेलं पाणी पिऊ नकोस म्हणून? आता उभा काय राहिलायस खांबासारखा? ये इकडे, घाल हा सदरा!"

सदरा त्याला आखूड झाला. मनगटे चार बोटे बाहेर आली. सार्जंटने बाहीकडे बोट दाखवले आणि दोन शब्द बोलला.

"साहेब म्हणतात, सदरा याचा दिसत नाही." दुभाषी त्या माणसाकडे वळला. "बायको काय काम करते रे तुझी?"

"सुईण आहे."

तेवढ्या दोन शब्दांतच त्याचे दूरच्या बेटावरचे हेल उघडे पडले. दुभाषी याच मुलखातला होता. त्याने क्षणभर बासिलियाकडे पाहिले. "आणखी सांग," तो हळूच म्हणाला.

"बाळंतपणाचं बोलावणं आलं की टांगा जुंपायला मला उठवते. माझ्यापेक्षा जास्त त्या घोडीलाच शिव्या घालते. आणि मग मी बघत नाहीसं बघून तिला गूळ चारते."

तो गूळ तिने कुणाला कधी दिसू दिला नव्हता. निदान तसे तिला वाटत होते. भांडे हातातून सुटेल म्हणून तिने ते छातीशी घट्ट धरले.

माणूस बोलला त्यापेक्षा दुभाषी बराच जास्त बोलला. शेवटी सार्जंट हसला आणि त्याने हात झटकला. मेयर टेबलापाशी गेले. टाक शाईत बुडवून ते त्या अनोळखी चेहऱ्याकडे पाहत राहिले.

"वाळलास रे फार, क्रिस्पुलो," ते म्हणाले आणि त्यांनी सही केली.

मेयर जपान्यांच्या कचेरीत शिक्का घ्यायला थांबले. रेड्याची गाडी वळली आणि छावणी दिसेनाशी झाली, तेव्हा बासिलियाने विचारले,

"कधी?"

"अकरा दिवस झाले, ताई. यादीत नाव लागलं आणि दुसऱ्या दिवशी गेला. मुडदा माझ्या नावावर पुरायला त्यानंच सांगितलं. म्हणाला, 'तुला न्यायला तुझ्या बेटावरून कोण येणार? तू जा.' मी म्हटलं, तुझी बायको ओरडली तर? तर म्हणाला, 'ओरडेल. पण मरू नाही देणार.'"

तिने पेजेचे भांडे त्याच्यापुढे सरकवले.

"नाव काय तुझं?"

"तेओफिलो. समार बेटावरचा."

"ते आता विसर. आणि मला ताई म्हणू नकोस."

दर सोमवारी तो चौकीत हजेरी द्यायला जाऊ लागला. तो क्रिस्पुलो नाही हे सगळ्या गावाला ठाऊक होते, तरी वाटेत जो तो त्याला क्रिस्पुलो म्हणूनच हाक मारत होता. बासिलियाला शोकाचे काळे कपडे घालता आले नाहीत. चौकीच्या कागदावर तिचा नवरा जिवंत होता. मग तिने आळीत सांगितले, "ह्यांचा छावणीतला दोस्त वारला, तेओफिलो नावाचा. त्याला कुणी नाही. नऊ दिवस त्याच्यासाठी प्रार्थना ठेवतेय घरी."

पहिल्या संध्याकाळपासून घरात पाय ठेवायला जागा उरली नाही. जिन्यावर, अंगणात माणसे गुडघे टेकून बसली. कुणी कुणाला काही विचारले नाही.

नवव्या दिवशी प्रार्थना चालू असताना बुटांचा आवाज आला. गस्तीचे दोन शिपाई अंगणात थांबले. पुढे बसलेली बासिलिया हुंदके देत होती; नवऱ्याच्या दोस्तासाठी कुणी इतके रडत नाही. प्रार्थना सांगणाऱ्या म्हातारीचा आवाज अडखळला.

बासिलियाने मागे वळून पाहिले. "क्रिस्पुलो," ती मोठ्याने म्हणाली, "दाराशी काय बसलायस? दोस्त ना तुझा? ये, पुढे ये."

तो उठला. माणसांनी वाट दिली. तिच्या शेजारी त्याने गुडघे टेकले आणि तेओफिलोच्या आत्म्याला शांती मिळावी म्हणून तो सगळ्यांबरोबर खड्या आवाजात म्हणू लागला. बासिलियाने लाल फुलांच्या परकराला डोळे पुसले आणि त्याच्या आवाजात आपला आवाज मिसळला.