'नंतर बघू' नावाचा फोल्डर

ज्या दुपारी बातमी आली, त्या दुपारी माझ्या पोटात तीनशे सहा क्लिपा होत्या. त्यांपैकी एकही कोणी उघडून पाहिलेली नव्हती.

मी 'नंतर बघू' बोलतोय. हे माझं नाव. मी एका एडिटरच्या कॉम्प्युटरमधला फोल्डर आहे. माझ्या शेजारचे फोल्डर नावाने मोठे आहेत: 'मुलाखती', 'संगीत', 'अंतिम'. ज्याचं काय करायचं ते त्या घडीला सुचत नाही, ते माझ्यात येतं.

तो बुधवार होता. एडिटर एका शाळेचं संमेलन कापत होता. पडद्यावर अकरा मुलं अळंबी होऊन नाचत होती आणि बारावं मंचाच्या कडेला रडत होतं. रडणारं ठेवायचं की काढायचं, या विचारात तो असताना टेबलावरचा फोन थरथरला. पलीकडे त्याचे भावोजी होते.

"अरे, तुझी ताई गेली रे," ते म्हणाले. "चहा ठेवते म्हणून उठली, आणि..."

एडिटरने अळंब्या थांबवल्या. हेडफोन काढून नीट खुंटीला लावला, चप्पल शोधली, एकच सापडली, दुसरी टेबलाखाली होती. तो गेला. पडद्यावर एक्केचाळीस मिनिटं, सोळा सेकंद, नऊ फ्रेम एवढा आकडा तसाच राहिला.

हा आकडा म्हणजे टाइमकोड. तास, मिनिटं, सेकंद, आणि सेकंदाचेही तुकडे. चित्रणातल्या प्रत्येक क्षणाचा तो पत्ता असतो. हे मला ताईंकडून कळलं.

ताई म्हणजे एडिटरची थोरली बहीण. ग्रंथपाल म्हणून निवृत्त झाल्यावर रोज दुपारी यायच्या आणि त्याच्या शेजारी बसून एका लांब वहीत नोंदी करायच्या: क्लिपचा नंबर, टाइमकोड कुठून कुठपर्यंत, आत काय. "नवरदेव शिंकतो. वापरू नये." "आजोबा छान हसतात, पण कवळी हलते." त्या वहीमुळे एडिटरला हवं ते मिनिटभरात सापडायचं.

दोघांचा वाद एकाच गोष्टीवर. ताईंचं म्हणणं, कॅमेऱ्याचं घड्याळ दिवसभर चालू ठेवावं, म्हणजे एका दिवसात एका क्षणाला एकच पत्ता. एडिटर मात्र प्रत्येक क्लिप शून्यापासून सुरू करायचा.

"मला लांबी चटकन कळते ना ताई."

"तुला कळते रे, बाळ्या. पण सगळ्या घरांवर एकच पाटी लावलीस तर पोस्टमनने जायचं कुठे?"

"पोस्टमन तूच आहेस. तुला घरं पाठ आहेत."

प्रत्येक चित्रणाआधी दिवे आणि माइक तपासावे लागत. त्यासाठी खोलीतल्या स्टुलावर ताईच बसायच्या. "बोल काहीतरी," एडिटर म्हणायचा, आणि त्या बोलायच्या. शिंप्याने बाही कशी उलटी लावली, भावोजी चष्मा डोक्यावर ठेवून घरभर कसा शोधतात. दीड मिनिट, फार तर दोन. अशा टेस्ट तो साठवून ठेवायचा आणि कधीतरी एकदम माझ्यात ओतायचा, त्यामुळे माझ्याकडे त्यांच्या तारखाही सारख्याच. "टेस्टला कसला नंबर नि कसली तारीख?" असं त्याने बहिणीला सांगून ठेवलं होतं. तेवढं एक ताईंनी ऐकलं.

आता खरी गोष्ट सांगतो, जी सांगताना मला नजर वर करवत नाही.

ताईंची एकुलती एक लेक, तिला घरात सगळे ठकी म्हणत, लांबच्या शहरात नोकरीला जायला निघाली. ताईंना ते पटलं नाही. शब्दाला शब्द वाढला आणि शेवटी ताई म्हणाल्या, "गेलीस तर फोनसुद्धा करू नकोस." ठकी गेली. तीही त्याच आईची लेक, तिने फोन केला नाही.

तीन आठवड्यांनी एका टेस्टच्या वेळी ताईंनी भावाला सांगितलं, "तू जरा बाहेर जा. मला एकटीला बोलायचंय." तो गेला. परत आल्यावर म्हणाल्या, "यातला एक तुकडा ठकीला पाठव. पत्ता वहीत लिहिलाय."

"हो ताई. नंतर बघू."

आठवड्याने त्यांनी विचारलं, "पाठवलंस ना रे?" एडिटरच्या दोन्ही कानांवर हेडफोन होता आणि डोळ्यांसमोर कुणाचं तरी लग्न. ताईंचे ओठ हलताना त्याला दिसले. तो "हो, हो" म्हणाला.

मी तिथेच होतो. क्लिप माझ्यातच होती. फोल्डरला तोंड नसतं हे खरं, पण त्या 'हो, हो'नंतर मला माझ्या नावाची लाज वाटू लागली.

त्यानंतरचे दोन महिने ताई रोज येत राहिल्या. आपला फोन वहीशेजारी पालथा न ठेवता उताणा ठेवू लागल्या. एडिटरच्या ते लक्षात आलं नाही.

बातमीनंतर तेराव्या-चौदाव्या दिवशी ठकी मामाकडे आली. हातात ताईंची लांब वही, घरी सापडलेली. शेवटच्या पानावर ताईंच्या गोल अक्षरात एकच ओळ होती: 'ठकीसाठी. ००:०७:४० ते ००:११:०५.'

"मामा, हे काय आहे?"

एडिटरने त्या ओळीवरून बोट फिरवलं. "टेस्टमध्ये असेल. सगळ्या शून्यापासून सुरू होतात गं. तीनशेच्या वर आहेत. वेळ लागेल."

"मी परवा निघतेय."

"शोधतो. शोधून पाठवतो."

"नक्की ना? तुझं नक्की म्हणजे आईच्या भाषेत पुढच्या जन्मी." ती हसली आणि हसता हसता तिने ओढणी तोंडाला लावली.

ती गेल्यावर त्याने दार लावलं आणि माझ्यावर क्लिक केलं. पहिल्यांदाच कोणीतरी माझ्यात खरोखर बघत होतं. त्याने तीनशे सहा नावांवरून नजर फिरवली आणि खुर्चीत मागे टेकला. मग त्याच्या ध्यानात आलं. टेस्ट दोन मिनिटांपेक्षा मोठी नसते, आणि ताईंचा पत्ता तर अकराव्या मिनिटापर्यंतचा. त्याने क्लिपा लांबीनुसार लावल्या. अकरा मिनिटांच्या वर फक्त दोन होत्या. एकीत कॅमेरा चुकून चालू राहिला होता, बावीस मिनिटं रिकामा स्टूल. दुसरीत ताई.

सगळं मिळून चार मिनिटंही लागली नाहीत. तो ओंजळीत तोंड धरून बसला. मला वाटतं, सापडायला कठीण गेलं असतं तर त्याला बरं वाटलं असतं.

पहिली साडेसात मिनिटं ताई बोलतच नाहीत. पदर सारखा करतात, घसा खाकरतात, लाल दिवा लागलाय का ते वाकून बघतात. मग सुरू होतात. "ठके, तुझ्या खोलीतला पंखा दुरुस्त करून घेतला. आता कुरकुरत नाही. तुझी निळी शाल मी वापरतेय, रागावू नकोस. तू गेलीस ते बरंच केलंस. मला भीती वाटली होती, तिला मी राग म्हटलं. समोर असलीस की माझं तोंड वाकडंच चालतं, म्हणून या दिव्यांना सांगतेय..."

दहा मिनिटं वीस सेकंदांपर्यंत असं चालतं. त्यानंतर त्या थोड्या पुढे सरकतात.

"हे ऐकलंस की फोन कर. मी करणार नाही, कारण नको म्हणणारी मीच. तुझा आला की समजेन, राग गेला. नाही आला तर... नाही आला तरी ठीक आहे. माझंच चुकलं होतं. पण मी रोज फोन जवळ घेऊन बसेन हं."

एडिटरने तो शेवट तीनदा ऐकला. मग शेजारच्या, ताईंच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. फोन उताणा का असायचा, हे त्याला तेव्हा कळलं. लेकीने सगळं ऐकलं आणि तरी फोन केला नाही, असं समजून ताई दोन महिने तिथे बसल्या होत्या. त्याच्या एका 'हो, हो'वर.

त्याने कर्सर दहा-वीसवर आणला आणि कापलं. पुढचा भाग वेगळा करून माझ्यातच परत टाकला. आधीचा ठकीला पाठवला.

पाच दिवसांनी तिचा फोन आला. त्याने तो स्पीकरवर घेतला, त्यामुळे मलाही ऐकू आलं. ती खूप रडली होती, पण आवाज मोकळा होता.

"मामा, रोज ऐकते. पण वहीत अकरा-पाच लिहिलंय आणि हे दहा-वीसला संपतं. आई आकड्यात चुकायची नाही."

"शेवटी काही नाही गं," एडिटर म्हणाला. "ती उठून जाते. नुसता स्टूल आहे."

"मग तोच दे ना. आई उठून गेल्यावरचा स्टूल."

"बरं."

"कधी?"

"नंतर बघू."

हाक आपल्यालाच आहे असं मला वाटलं, इतकं ते माझ्या अंगावर आलं.

मला कोणाला दोष द्यायचा नाही. लपवणारी जागा मीच आहे. रोज सकाळी तो माझ्यावर बाण आणतो, थांबतो आणि बाजूला नेतो. शाळेचं संमेलन पूर्ण करून दिलं. रडणारं मूल त्याने ठेवलं. टेस्ट आता स्टुलावर कोणी न बसवताच होतात, आणि कॅमेऱ्याचं घड्याळ तो दिवसभर चालू ठेवतो.

ते पंचेचाळीस सेकंद माझ्याकडे आहेत. त्याने ते अजून पाठवलेले नाहीत.