कुंभारणीच्या घराला जोडलेलं विमान

तीस वर्षं बोटींवर इंजिनं सांभाळून लवूनाना पूर्णगडला परतले, ते रिकाम्या गोठ्यात विमान बांधायला. एकाच माणसाचं, कापडी पंखांचं. गोठ्याच्या भिंतीवर त्यांनी खडूनं लिहिलं होतं : घरी बांधलेली विमानं का पडतात? पेट्रोलात पाणी, सैल बोल्ट, तुंबलेली नळी, बांधणाऱ्याचा शहाणपणा.

"शेवटचं मोठ्या अक्षरात लिहा," दमयंतीबाई, त्यांची बायको, म्हणाल्या होत्या.

पहिल्याच उड्डाणात विमान सड्याच्या मोकळ्या कातळावरून माडाएवढं वर गेलं, इंजिन गप झालं आणि नाना करवंदीच्या जाळीत उतरले. हाडं शाबूत, लेंगा गेला. मग आठवडाभर त्यांनी सगळं खोलून जोडलं. दोष सापडेना.

"उद्या परत उडतो."

दमयंतीबाईंची नजर टाकीकडे गेली. टाकीवरच्या बारीक नळीत पहिल्या उड्डाणाआधीच कुंभारीण माशीनं मातीचं घर केलं होतं. सून नम्रता सात महिन्यांची पोटुशी. कुंभारणीनं घर बांधलं की पाळणा हलतो, ते मोडायचं नाही, ही त्यांच्या आईची शिकवण. म्हणून "ही नळी मी पुसली हो," म्हणत त्यांनी नानांना तिकडे फिरकू दिलं नव्हतं. पेट्रोल तर खालून जातं. वरची नळी शोभेची असणार.

सकाळी त्यांनी तेलाच्या नव्या डब्याला खिळ्यानं भोक पाडलं. तेल दोनदा बुडबुडलं आणि थांबलं. आई रॉकेलच्या डब्याला नेहमी दोन भोकं पाडायची. एकातून रॉकेल बाहेर, दुसऱ्यातून वारा आत. म्हणजे टाकीवरची नळी शोभेची नव्हती.

खिळा, हातोडी तशीच हातात घेऊन त्या सड्यावर धावल्या. नाना विमानात बसलेच होते.

"अहो, उतरा! वरच्या नळीत कुंभारीण आहे!"

"आणि तू आठवडाभर गप्प? जाळीत मी पडलो गो!"

"तुमच्या यादीत बायको नव्हती."

"काढ ती माती!"

"नातवंडाच्या वेळेला? हात लावून बघा!"

"मग मी काय जन्मभर जमिनीवर बसू?"

दमयंतीबाईंनी खिळा पुढे केला. "टाकीचं झाकण काढा नि त्याला भोक पाडा. इंजिनवाले तुम्ही की मी?"

नानांनी भोक पाडलं, विमान सुरूच्या झाडाला बांधून अर्धा तास इंजिन चालवलं. ते थांबलं नाही. मग ते किल्ल्याला वळसा घालून, सुखरूप उतरून, टोपी उडवत आले. दमयंतीबाईंनी आधी त्यांना नखशिखांत पाहिलं, मग नळीत. मातीला तडासुद्धा नव्हता.

संध्याकाळी नानांनी भिंतीवर पाचवं कारण लिहिलं : कुंभारीण.

दमयंतीबाईंनी ते पदरानं पुसलं. "तिला कशाला नावं ठेवता? तिनं आपलं घर बांधलं. त्याला विमान तुम्ही जोडलंत."