चोरीचा वाघ

सुरभीनं त्या वाघाचं चित्र काढण्यात अख्खा उन्हाळा घालवला होता. हिंगणीकडच्या जंगलात ती आणि तिचा मोठा भाऊ आदेश कितीदा तरी भटकून आले होते. आदेशला गोष्टी रचायचं वेड. चार-पाच जणांनी गोल बसून, फासे टाकत खेळायची एक जंगलाची गोष्ट त्यानं इंग्रजीत लिहिली. नियम त्याचे, चित्रं हिची. सिंदी मेघेतल्या घरी, जुन्या कॉम्प्युटरवर त्याचं पुस्तक जुळवलं आणि २००७ साली इंटरनेटवर विकायला ठेवलं. परदेशातले हौशी खेळाडू ते उतरवून घेत. एकानं तर लिहून पाठवलं, तुमच्या वाघाला भिऊन आमचा लेक टेबलाखाली लपला. ते वाचून दोघं भावंडं पोट धरून हसली होती.

मग गिऱ्हाईक एकाएकी आटलं. शोधता शोधता आदेशला एक साइट सापडली. अशाच खेळांच्या पुस्तकांच्या चोरट्या प्रती तिथं मातीमोल भावानं विकायला होत्या आणि त्यांत यांचंही पुस्तक. खाली मोबाइल नंबर. सुरभीनं गिऱ्हाईक बनून फोन लावला.

"जामच्या चौकात दुकान हाय आपलं," पलीकडचा म्हणाला. "पेनड्राइव्ह घेऊन येजो, भरून देतो."

दुसऱ्याच दिवशी दोघं मोटरसायकलनं जामला पोचली. दुकान मोबाइल दुरुस्तीचं. मालक धर्मेंद्र पुढं बसलेला, त्याचा धाकटा भाऊ भूपेंद्र मागं. धर्मेंद्रनं हौसेनं फाइल उघडून दाखवली. पडद्यावर वाघ आला. कोपऱ्यातलं सुरभीचं नाव पुसून तिथं दुकानाचा नंबर टाकला होता.

"हे आमचं हाय," आदेश म्हणाला. "आत्ताच्या आत्ता काढ."

धर्मेंद्र हसला. "तुमचं कसं? नेटवर आलं का सगळ्याईचं. अन् ज्या पुस्तकाले कागदच नाई, ते चोरलं कसं मी?"

आदेशनं मॉनिटर उचलला आणि जमिनीवर आपटला. धर्मेंद्रनं शटर ओढायची लोखंडी सळई उचलली. पहिला घाव आदेशच्या कोपरावर बसला. कपाशीची वाळली पऱ्हाटी मोडावी तसा हाडाचा आवाज सुरभीनं ऐकला. आदेश काचांत कोसळला, तरी सळई थांबेना.

"आपट ना अजून! आपट!" धर्मेंद्र ओरडत होता.

सुरभीच्या हाताशी स्टॅबिलायझर होता. तिनं तो वायरीसकट उपसला आणि धर्मेंद्रच्या कानशिलावर हाणला. सळई त्याच्या हातून सुटली. तो गुडघ्यांवर बसला.

"सुरे, बस झालं!" आदेश कण्हत म्हणाला.

तिला ते ऐकू आलं. तरी तिनं स्टॅबिलायझर पुन्हा उचलून धर्मेंद्रच्या तोंडावर मारला. पत्र्याचा कोपरा डोळ्यात घुसला. भूपेंद्रनं तिला मागून धरलं, तेव्हा तोंडात रक्ताची चव येईपर्यंत ती त्याच्या मनगटाला चावली. शेवटी चहाच्या टपरीवरची माणसं धावली आणि त्यांनी तिला खाली दाबून धरलं.

धर्मेंद्रचा डावा डोळा गेला. वर्ध्याच्या कोर्टात दोन्हीकडून खटले उभे राहिले.

"भावाले वाचवाले मारलं, एवढंच सांगा," वकिलानं सुरभीला पढवलं होतं.

पहिल्या घावाबद्दल तिनं तेच सांगितलं. दुसऱ्याबद्दल विचारलं, तेव्हा तिची नजर बाकावर गेली. धर्मेंद्रची आई सुमित्राबाई लेकाचा हात धरून बसली होती.

"तेव्हा तो खाली बसला होता," सुरभी म्हणाली. "मले थांबता आलं असतं."

वकिलानं कपाळाला हात लावला. तिला तीन वर्षांची सजा झाली. धर्मेंद्रलाही झाली, पण मारहाणीची. चोरीचं कलम टिकलंच नाही.

आदेश तुरुंगात भेटायला आला, तो रागानं धुमसतच.

"आता दुसऱ्या साइटवर विकून राह्यले आपलं पुस्तक. मी त्याईले..."

"ते राहू दे," सुरभी म्हणाली. "कोपर दाखव."

त्यानं डाव्या हातानं कशीबशी बाही वर सारली. जाळीतून बोटं घालून सुरभी ते वाकडं जुळलेलं हाड हळूहळू चाचपत राहिली.